थाऊसाहेब

नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढलेला माणूस इंचाच्या हजाराव्या भागाला ‘थाऊ’ म्हणतो. ड्रॉइंगवर केव्हाच मायक्रॉन आले, पण ‘अजून दोन थाऊ घे’ असं ऐकल्याशिवाय त्याच्या हाताला हुरूप येत नाही. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो, म्हणजे हे माप केसाचेही तीन भाग करणारं. नगर जिल्ह्यात भाऊसाहेब, दादासाहेब, आबासाहेब घरोघरी सापडतात. थाऊसाहेब मात्र एका नेमबाजी केंद्रामागे एकच असतो, कारण दोन झाले की मोजमापावरून केंद्रच बंद पडतं. वय पंचावन्नच्या पुढे, नोकरी बहुधा क्वालिटी खात्यात झालेली, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्निअर. हे गृहस्थ नेम क्वचितच धरतात. ते नेमाची पूर्वतयारी करतात. शेजारच्या लेनवर एखाद्या मुलीचा शॉट आठात गेला की तिच्याआधी तेच पुढे सरसावतात: “तुझं काही चुकलं नाही बाळा. छऱ्याने दगा दिला. तुला ४.५१ चं डोकं पाहिजे, तू ४.५० वापरतीस.” आपण चाप हिसकला हे त्या मुलीला पक्कं ठाऊक असतं. पण वडीलधाऱ्या माणसाने इतक्या मायेने निर्दोष ठरवल्यावर गुन्हा कबूल करायला कोण जातंय?

थाऊसाहेबांचा खरा जीव मात्र छऱ्यात नाही, काडतुसात अडकलेला असतो, आणि तोही एकाच प्रश्नात: गोळी पुंगळीत किती आत बसवायची? परदेशात, विशेषतः अमेरिकेत, अचूक नेमबाजीचे छांदिष्ट घरच्या टेबलावर स्वतःची काडतुसं भरतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी नवी कॅप, तोलून घातलेली दारू आणि तोंडाशी दाबून बसवलेली गोळी. गोळी जरा बाहेर ठेवली तर ती नळीतल्या आट्यांना टेकून उभी राहते. जरा आत दाबली तर बार उडाल्यावर आट्यांपर्यंत तिला एक बारीकशी उडी मारावी लागते. ही उडी किती थाऊंची असावी यावर तिकडे शाळूसोबती एकमेकांशी बोलेनासे होतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही परवान्याच्या कुंपणात घातल्यामुळे असा टेबल मांडून बसलेला माणूस सावेडीत किंवा भिंगारमध्ये दिसत नाही. त्यामुळे थाऊसाहेबांचं ज्ञान सोवळ्यात राहिलं आहे. एकही काडतूस न भरता काडतूस कसं भरावं हे ते तासभर सांगतात, आणि भरलेला माणूस समोर नसल्याने त्यांना खोडून काढणारंही कुणी नसतं. फोनवर ‘दारू मोजूनच घालायला हवी’ असं त्यांचं वाक्य जिन्यात ऐकू येतं तेव्हा शेजारी काय तो अर्थ काढतात.

हाती उरते ती दहा मीटरची एअर रायफल. तर तिच्यावरच सगळी हौस. संध्याकाळी टीपॉयवर वर्तमानपत्र पसरलं जातं, पाचशे छऱ्यांचा डबा उघडतो, सराफाकडे असतो तसला छोटा काटा मांडला जातो आणि स्वयंपाकघरातून आमटीच्या वाट्या गायब होतात. एकेक छर्रा चिमट्याने उचलायचा, भिंगाखाली त्याच्या मागच्या घेराला पोचा आहे का पाहायचं, काट्यावर ठेवायचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा आकडा वहीत टिपायचा आणि योग्य त्या वाटीत सोडायचा. मिलिग्रॅमगणिक वाटी बदलते. पंखा बंद असतो, कारण वाऱ्याने काटा हलतो. मे महिन्यातही बंद असतो. घरातल्या कुणी त्या वेळी दार धाडकन लावलं तर तेवढा छर्रा पुन्हा तोलला जातो.

आता मुद्द्यावर येऊ. थाऊसाहेब अचूकतेसाठी झिजतात असं सगळे समजतात, तेही समजतात. माझ्या मते त्यांना हवी असते चुकीचा ठपका ठेवायला माणसाबाहेरची एखादी जागा, आणि ती जागा जितकी बारीक तितकी सोयीची. याचा पुरावा त्यांच्याच लाडक्या व्हर्निअरने देता येतो. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून लहान. नवाचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटर व्यासाचं, आणि साडेचार मिलिमीटरचा छर्रा वर्तुळाला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे शॉट आठात गेला तर छऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून कमीत कमी पाच मिलिमीटर भरकटलेला असतो. चांगली रायफल व्हाइसमध्ये आवळून चांगले छर्रे मारले तर ते एका मिलिमीटरच्या आसपास गोळा होतात. उरलेले चार मिलिमीटर कुणाचे? ते खांद्याचे, श्वासाचे, चापावरच्या बोटाचे, सकाळी आईशी झालेल्या भांडणाचे. पण भांडण काट्यावर ठेवता येत नाही, छर्रा येतो. म्हणून ठपका छऱ्यावर.

काडतुसाच्या बाबतीत तर ही गंमत आणखी उघडी पडते. गोळी दर तीन थाऊंनी आत सरकवत न्यायची, प्रत्येक खोलीवर तीन-तीन गोळ्या झाडायच्या आणि जिथे तिन्ही भोकं सर्वांत जवळ पडली तिथे ‘नोड सापडला’ म्हणून वहीत लाल शाईने चौकट काढायची, ही पद्धत थाऊसाहेबांना तोंडपाठ आहे. आता समजा दहाही वेळा काडतुसं अगदी एकसारखी भरली, खोली एका थाऊनेही बदलली नाही. तरीही तीन-तीन गोळ्यांच्या त्या दहा पुंजक्यांत सर्वांत मोठा पुंजका सर्वांत लहानाच्या सहज तिप्पट निघतो. तीन गोळ्यांचा स्वभावच तसा लहरी. पारनेर-पाथर्डीकडचा शेतकरी तीन सरींवरून नक्षत्र कसं जाणार हे ठरवत नाही, तो आकाशाकडे बघून गप्प बसतो. थाऊसाहेब तीन भोकांवरून सिद्धान्त मांडतात आणि त्याखाली तारीख टाकतात. गोळ्या बनवणाऱ्यांचं म्हणणंही त्यांच्या बाजूचं नाही. बर्जर या अमेरिकन कंपनीने आपल्या लांब निमुळत्या गोळ्यांसाठी सल्ला दिला तो असा, की उडी १०, ५०, ९० आणि १३० थाऊ अशा चार ठिकाणी तपासावी, कारण जिथे गोळी नीट वागते तो पट्टा ३० ते ४० थाऊ रुंद असतो. ज्याने माल बनवला तो ढांगा टाका म्हणतो, आणि आमचे साहेब मुंगीच्या पावलांनी चालतात. भरीला नळीतल्या आट्यांचं तोंड प्रत्येक बाराबरोबर झिजत पुढे सरकतं. बांध वाहून गेल्यावर जुन्या मोजणीचा नकाशा कवटाळून बसावं, तसा तो लाल चौकटीतला आकडा.

यावर थाऊसाहेबांची बाजू घेणारे इतिहास काढतील, आणि काढावा. ठासणीच्या बंदुकीत गोळी कुठे बसली हा जीवनमरणाचा प्रश्न होता. गजाने ठासून ती दारूवर घट्ट टेकवली नाही, मधे पोकळी राहिली, तर नळी फुटून बार उडवणाराच जायबंदी व्हायचा. आजच्या काडतुसातही गोळी फार आत दाबली की दारूला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. हे सगळं खरं. आपलं गाव या बाबतीत मागे नाही. विजापूरच्या बुरुजावर आज दिसते ती मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये इथे, नगरात, ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन, तोंड सव्वादोन फुटांहून रुंद. तिच्या गोलंदाजाला ठासणी कळत होती यात शंका नाही. पण त्याच निजामशाही तोफखान्याने १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत तोफांत तांब्याची नाणी भरून मारा केल्याचं फिरिश्त्याने लिहून ठेवलं आहे, आणि त्या धुमाळीत नाणं किती आत बसलं हे कुणी मोजल्याचं त्याने लिहिलेलं नाही. जिवाची भीती असते तिथे खोली तपासावीच. थाऊसाहेब ज्या दोन-तीन थाऊंसाठी झोप घालवतात त्यात ना जीव जातो ना गुण; तिथे ठासणीचा दाखला देणं म्हणजे डोंगराच्या नावाने खडा उचलणं. शिवाय नगरला थोडक्यात नेम चुकण्याचं एवढं वावडंही नसावं. डोंगरावरच्या सलाबतखानाच्या कबरीला सारं गाव पिढ्यानपिढ्या चांदबिबीचा महाल म्हणतं, आणि रिक्षावाला बरोबर तिथेच नेऊन सोडतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मोठे नेमबाज हेच करतात की! राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन आला. अंतिम फेरीतला हा निकाल दशांशात लागतो, तिथे दारूगोळ्याची निवड ढिसाळ ठेवून कसं चालेल? मुळीच चालणार नाही. पण ती निवड कशी होते ते पाहिलं तर आक्षेप उलटा फिरतो. या प्रकारातलं .२२ चं काडतूस कारखान्यातच तयार होतं, त्याची गोळी घरी आत-बाहेर करायची सोयच नाही. नेमबाज वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं तपासून घेतात, आणि ती तपासणी नळी घट्ट आवळून करतात, म्हणजे माणसाला मुद्दाम बाजूला काढून. लॉट ठरला की तो विषय संपतो. नंतरची सगळी वर्षं त्या बाजूला काढलेल्या माणसावर खर्च होतात: तासन्तास गुडघ्यावर बसणं, पोटावर झोपणं, उभं राहून एकाच ठिपक्याकडे बघत श्वास सोडणं. स्वप्नीलचे पात्रता फेरीत ६०० पैकी ५९० गुण झाले. हरवलेले दहा कुठे गेले ते काडतुसाच्या डब्यावर छापलेलं नसतं. टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून, वाऱ्याची निशाणं रोवून पुंजक्यांच्या स्पर्धा खेळणारे परदेशी लोक थाऊच्या हिशेबात शिरतात हेही मान्य. त्यांनी माणूस आधीच जवळजवळ वजा केलेला असतो. उरलेल्या बेरजेत थाऊ दिसू लागतो. थाऊसाहेब वजाबाकी न करताच उत्तर लिहितात. त्यांचा क्रम चुकतो, आणि क्वालिटी खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचा क्रम चुकावा हे मला त्यांच्या सगळ्या चुकांपेक्षा जास्त बोचतं.

मग कुणी म्हणेल, बिचाऱ्याच्या निरुपद्रवी छंदावर एवढी तोफ कशाला डागायची? पत्ते नाहीत, व्यसन नाही, माणूस घरात डोळ्यांसमोर असतो. निरुपद्रवी हा शब्द मात्र त्या आठ मारणाऱ्या मुलीला विचारून वापरावा. तिला त्या दिवशी चापाबद्दल कुणीतरी बोलायला हवं होतं. तिच्या वाट्याला आला छऱ्याचा नवा डबा. पुढच्या आठवड्यात नळी साफ करायचा ब्रश येतो, मग दुसरी साइट, मग बुटांचे तळवे. पोरीचे वडील कांद्याच्या पट्टीतून पैसे बाजूला काढत राहतात आणि आठ काही हलत नाही. थाऊसाहेबांनी तिला फसवलेलं नसतं, स्वतःचं औषध तिला पाजलेलं असतं. एक मात्र कबूल केलं पाहिजे: हाच माणूस योग्य जागी बसवला तर सोन्यासारखा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे, खानदेशात वरणगावला काडतुसं बनतात. एकासारखं एक लाखो काडतुसं निघायची असतील तर गोळीच्या खोलीवर गेज लावून, नाक वर करून ‘हा लॉट परत पाठवा’ म्हणणारा माणूस दारात हवाच. तिथे त्याचा संशय ही सरकारी सेवा ठरते. के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की नगरपर्यंत गडगड ऐकू येते; तो गोळा किती थाऊ आत बसलाय हा विचार आतल्या गनरला करावा लागत नाही, कारण कुठल्यातरी कारखान्यात कुठल्यातरी थाऊसाहेबाने त्याच्या वाटचा तो आधीच केलेला असतो.

निवृत्तीनंतर मात्र तपासायला लॉट उरत नाही आणि नजर तर तशीच शाबूत असते. मग ती घरभर फिरते. कुकरची शिट्टी, दाराची बिजागरी, जावयाच्या गाडीच्या चाकातली हवा, सगळ्याला गेज लागतं, आणि खरं सांगायचं तर त्या घरातला नळ कधी गळत नाही. छऱ्यांच्या वाट्यांतूनही शेवटी काहीतरी हाती येतंच. पाचशेतून निवडलेले, वजनाने आणि घेराने जुळे वाटावेत असे साठ छर्रे, एका फेरीला पुरतील इतके. ते कापूस घातलेल्या मिठाईच्या डब्यात जातात. डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर बॅच नंबर, आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात, महत्त्वाच्या कागदांशेजारी, त्याची जागा. जिल्हा स्पर्धा येते तेव्हा थाऊसाहेब विचार करतात की हे राज्य स्पर्धेसाठी ठेवावेत. राज्य स्पर्धा जवळ येते तेव्हा कळतं की त्या बॅचचा माल आता बाजारात मिळत नाही. स्पर्धेच्या सकाळी ते डबा खाली काढतात, चिकटपट्टी नखाने जरा उचलतात, पुन्हा दाबून बसवतात, आणि दुकानातून आणलेला साधा डबा पिशवीत टाकून निघतात.