टाकी आहे, खातं कुठे आहे?

गडचिरोली जिल्ह्यातल्या सूरजागडच्या डोंगरातलं लोखंड आता नळातून वाहतं. हेडरीला खनिज दळायचं, पाण्यात कालवायचं आणि सुमारे 85 किलोमीटरच्या वाहिनीतून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीच्या कारखान्यात पोचवायचं. जुलै 2025मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालं. वाट सगळी जंगलाची आणि नाल्यांची. याच डोंगरावर डिसेंबर 2016मध्ये खाणकामावरची पाऊणशेच्या आसपास वाहनं जाळली गेली होती. तरीही वाहिनी टाकली गेली आणि सुरू झाली.

म्हणजे या मुलखात नळ टाकता येतो. ‘दुर्गम भाग आहे हो’ हे कारण आता कुणी सांगू नये.

खनिज वाहणाऱ्या नळाला एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे थांबणं. प्रवाह मंदावला की दळलेलं लोखंड तळाशी बसतं आणि नळ तुंबतो. त्यामुळे अशी वाहिनी चालवायची तर रात्रपाळीला माणूस लागतो, दाब दाखवणारी यंत्रं लागतात, सुटे भाग हाताशी लागतात. काही बिघडलं तर कुणाला झोपेतून उठवायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं. ही काळजी म्हणजेच खातं. पिण्याच्या पाण्याला आपण टाकी देतो, नळ देतो, फलक देतो. खातं तेवढं देत नाही. माझं भांडण एवढ्यासाठीच आहे.

2015च्या सुमारास राज्यातल्या तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती नगरपंचायती झाल्या. एटापल्ली, भामरागड, अहेरी, मुलचेरा, सिरोंचा, धानोरा, कुरखेडा, कोरची, चामोर्शी ही सगळी गावं कागदोपत्री शहरं झाली. शहराला मुख्याधिकारी आला, नगराध्यक्ष आला, नवी पाटी आली. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण पाहणारा जाणकार माणूस मात्र अशा गावांत सहसा पूर्णवेळ नसतो. पाणी सोडणारा एक कंत्राटी माणूस असतो. कोणत्या गल्लीचा वॉल्व्ह किती वाजता फिरवायचा, हे त्याला पाठ असतं. तो आजारी पडला की गाव कोरडं.

2023च्या नगरपरिषद राज्यसेवेच्या भरतीचे आकडे पाहा. गट क ची 1782 पदं निघाली. त्यांत कर निर्धारण व प्रशासकीय सेवेची 579, लेखाविभागाची 247 आणि पाणीपुरवठा, जलनिस्सारण व स्वच्छता अभियांत्रिकीची 65. राज्यात नगरपरिषदा आणि नगरपंचायती मिळून साडेतीनशेहून अधिक आहेत. ही भरती त्या एका वर्षाची होती, मान्य. पण कर मोजायला माणूस हवाच आणि पाणी मोजायला नसला तरी चालेल, ही सवय या आकड्यांत उघडी पडते. कर मोजणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्याशिवाय पाणीपट्टी येत नाही, आणि पाणीपट्टी आली नाही तर काय होतं ते मेळघाटाने दाखवलं आहे.

जुलै 2022. चिखलदरा तालुक्यातली पाचडोंगरी आणि कोयलारी. नळयोजना होती. विजेचं बिल थकलं म्हणून पंपाची वीज तोडली गेली. लोक उघड्या विहिरीवर गेले, कॉलरा पसरला, माणसं दगावली. तिथे योजनेची कमतरता नव्हती. बिल भरणारा, थकलं तर वरच्या दारात जाऊन भांडणारा आणि नळ बंद होताच दुसऱ्या दिवशी विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणारा माणूस नव्हता. वीज तोडण्याचा कागद निघतो तेव्हा त्याच दिवशी आरोग्य विभागालाही कळलं पाहिजे, असा नियम करायला विधिमंडळाचं अधिवेशन लागत नाही.

आता पाणी आणि मैला ही दोन खाती वेगळी आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. छोट्या गावात नळ चोवीस तास चालत नाही. तासभर पाणी येतं, मग नळ रिकामा. पाणी असतं तेव्हा फुटक्या जोडातून ते बाहेर गळतं. पाणी गेलं की आतला दाब उतरतो आणि त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत शिरतं. बाहेर काय असतं? नाली. विदर्भातल्या कुठल्याही गावात जाऊन पाहा, घरांची नळजोडणी नालीतून नाहीतर नालीला खेटून गेलेली दिसेल. त्यात ज्याची ऐपत आहे त्याने नळाला टिल्लू पंप लावलेला असतो. पंप ओढतो तेव्हा नळात पोकळी होते आणि नालीचं पाणी आणखी जोरात आत येतं. पुढच्या नळावर गुंड घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या घरी ते जातं. शुद्धीकरण केंद्र कितीही चांगलं बांधा, ही खोड तिथे मोडत नाही. ती मोडते गल्लीत, फटी शोधणाऱ्या फिटरच्या हाताने.

आणि त्या नालीत काय वाहतं? घराघरात शौचालय झालं, ही गेल्या दहा वर्षांतली मोठी गोष्ट आहे, ती नाकारू नये. पण शौचालयाखाली टाकी आणि टाकीपुढे शोषखड्डा असा जोड असतो. शोषखड्डा गाळाने भरला की टाकीतलं मैलापाणी थेट नालीत. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी, नाहीतर तळाचा गाळ वर चढतो आणि टाकी नुसती वाट होते: आलं तसं गेलं. लोक ती तुंबेपर्यंत उपसत नाहीत, कारण उपसणारी गाडीच गावात नसते. दूरच्या शहरातून बोलावली तर भाडं परवडत नाही. मग कुणीतरी गरीब माणूस बादली घेऊन आत उतरतो. हे 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. 30 लाखांत मैला उपसणारी गाडी येते. ती आधी घ्या.

छोट्या गावाला हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी दोन गावं पाहून यावं, दोन्ही सातारा जिल्ह्यातली. कराडजवळचं मलकापूर नगरपंचायत असतानाच चोवीस तास पाण्यावर गेलं. प्रत्येक जोडणीला मीटर आणि वापर वाढेल तसा चढता दर. नळ सतत भरलेला राहिला, त्यामुळे बाहेरची घाण आत शिरायला वाव उरला नाही, आणि पाणी कायम आहे म्हटल्यावर लोकांनी पिंपं भरून ठेवणं आणि शिळं म्हणून ओतून देणं सोडलं. दुसरं वाई. तिथे सेप्टिक टँक तुंबायची वाट पाहत नाहीत. दर तीन वर्षांनी पाळीपाळीने प्रत्येक घरची टाकी उपसली जाते, खर्च स्वच्छता करातून निघतो आणि गाळ शेतात किंवा ओढ्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात जातो. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही तोच मार्ग धरला, गाळ वाळवण्याचे वाफे केले. भुयारी गटारीचं कोट्यवधींचं खोदकाम न करता हे झालं. एटापल्लीसारख्या विखुरलेल्या, खडकाळ गावाला गटारीपेक्षा हीच वाट सोयीची आहे. एकट्याला केंद्र परवडणार नाही. एटापल्ली, अहेरी, भामरागड आणि मुलचेरा मिळून एक चालवू शकतात.

पैसा? महाराष्ट्रात हे विचारायचं एखादं शेवटचं ठिकाण असेल तर ते सूरजागड. खाणीचा पट्टा 2007चा, 348 हेक्टरचा. 2015 साली जिल्हा खनिज प्रतिष्ठानची तरतूद आली आणि त्याआधी दिलेल्या पट्ट्यांना स्वामित्वधनाच्या 30 टक्के इतकी जादा रक्कम प्रतिष्ठानात भरावी लागते. जानेवारी 2024च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्या निधीचा किमान 70 टक्के भाग प्राधान्याच्या कामांवर खर्चायचा आहे. त्या कामांत पिण्याचं पाणी आहे, स्वच्छता आहे, प्रदूषण रोखणंही आहे. खाणीची परवानगी वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर आणि आता 2 कोटी 60 लाख टनांवर गेली. निधी त्याच गतीने वाढणार. जिल्ह्याचं पालकमंत्रीपद स्वतः मुख्यमंत्र्यांकडे आहे. अडलंय कुठे?

इथे एक गोष्ट नीट मांडली पाहिजे. पाणी ही खाणीच्या बदल्यात द्यायची वस्तू नाही. सूरजागडचा डोंगर ठाकूरदेवाचा आहे, दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, आणि खाणीला विरोध करणाऱ्या ग्रामसभांचं म्हणणं आजही उभं आहे. त्या गावांनाही पाणी तितकंच हवं आणि तितकंच मिळायला हवं. खाणीखालच्या गावांतले शेतकरी सांगतात की पावसाळ्यात लाल गाळ शेतात आणि नाल्यात उतरतो. त्याची खरी तपासणी करायची तर पाण्याचे नमुने दर महिन्याला, त्याच जागी, गावाने नेमलेल्या माणसाने घ्यायला हवेत, आणि निकाल ग्रामसभेच्या भिंतीवर लागायला हवा. आमच्या पट्ट्यात बोरिंगचं पाणी काढून ठेवलं की तांबडं होतं, हे खाणीच्या आधीपासूनचं. जमिनीतच लोह आहे. म्हणूनच जुनं लोह किती आणि नवा गाळ किती, हे सांगणारी नोंद लागते. नोंद नसली की खाणवाले एक सांगतात, गाव दुसरं सांगतं आणि मूल तेच पाणी पितं.

तपासणीची चौकट तयार आहे. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतो. शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. ओटी टेस्टच्या नळीत थेंब टाकले की पिवळा रंग दिसतो, दहावीचं पोरगंही पाहू शकतं. टीसीएलची पिशवी उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. गोदामात सहा महिने पडलेली पावडर म्हणजे नुसता चुना. हे बघायला शास्त्रज्ञ लागत नाही. रोज बघायला लागतं एवढंच.

पाऊस या जिल्ह्यात कमी नाही. भामरागडात तर पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढतं, बाजारपेठेत शिरतं आणि सेप्टिक टँकांवरून वाहतं. त्या आठवड्यात ना वीज, ना रस्ता. तिथल्या खात्याला जनित्र, डिझेल, क्लोरीनचा साठा आणि राहायला खोली पावसाळ्याआधी द्यावी लागेल. पूर ओसरल्यावर पंचनामा करायला येणाऱ्या जीपचा काही उपयोग नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रतिष्ठानच्या पुढच्या बैठकीत सभामंडप आणि स्वागतकमानीच्या आधी हा विषय घ्या. चार नगरपंचायतींना मिळून एक पूर्णवेळ पाणी-मलनिस्सारण अभियंता. प्रत्येक गावाला एक विजेचं जाणणारा, एक फिटर, एक नमुने घेणारी. एक मैला उपसणारी गाडी. आणि विजेच्या बिलासाठी वेगळी ठेव, जिला दुसऱ्या कुठल्याही कामासाठी हात लावता येणार नाही. माणसं इथलीच घ्या. माडिया बोलणारी असतील तर तक्रार अर्ध्यात तुटणार नाही.

पहिली नेमणूक आज पाणी सोडणाऱ्या त्या कंत्राटी माणसाचीच करा. त्याला नियमित पगार द्या, प्रशिक्षणाला पाठवा. गावातला प्रत्येक वॉल्व्ह, प्रत्येक गळका जोड त्याच्या डोक्यात आहे. त्याच्यासोबत गल्लोगल्ली फिरून तो नकाशा कागदावर उतरवणं, हे नव्या अभियंत्याचं पहिल्या महिन्याचं काम.