ठिकाण माहीत असलेला गृहस्थ

मुंबई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यातील मध्यमवर्गीय घरांत, कचेऱ्यांत आणि सोसायट्यांच्या कमिट्यांत चाळिशी ओलांडलेला एक गृहस्थ हमखास आढळतो, ज्याला कोणताही पदार्थ ‘खरा’ कुठे मिळतो हे ठाऊक असते आणि जो ते कोणी विचारण्याची वाट पाहत नाही. सोयीसाठी त्याला ठिकाणवाला म्हणता येईल. खवय्या आणि ठिकाणवाला यांत गल्लत होऊ नये. खवय्याला चवीचे खाणे लागते आणि ते घरी मिळाले तरी त्याची तक्रार नसते. ठिकाणवाल्याला मात्र घरचे खमंग थालीपीठही पुरत नाही, कारण तिथे कोणाला घेऊन जाता येत नाही.

हा प्रकार फार जुना नाही. बाहेर खाणे ही हौसेची बाब होण्यापूर्वी ती एकतर लाजेची होती किंवा अडचणीची. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील नामांकित मंडळी जमली, तिथे चहा पुढे आला, कोण कोण हजर होते त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली, आणि त्यातून ग्रामण्य उभे राहिले. ग्रामण्य म्हणजे धर्मबाह्य वर्तनावरून जातीत पेटणारा बहिष्काराचा वाद. त्यापायी टिळक आणि रानडे यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. पुढे गिरण्यांसाठी आणि कचेऱ्यांसाठी मुंबईत एकटे आलेले पुरुष खाणावळीत जेवू लागले. महिन्याचे पैसे भरून ठरल्या वेळी घरगुती जेवण मिळण्याची ही सोय गिरणगावात मुख्यतः बायकाच चालवत, आणि त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खाणावळीत जाणारा माणूस भुकेपोटी जात असे. ‘तुम्हीही एकदा याच’ असा आग्रह तो कोणाला करत नसे. इराण्याकडचा ब्रुन-मस्का आणि उडप्याकडची इडली अंगवळणी पडल्यावर, पोट भरलेले असतानाही माणसे ज्या पिढीत बाहेर खायला निघू लागली, त्या पिढीत ठिकाणवाला जन्मला. पंचहौदच्या यादीत नाव आल्याने ज्या शहरातील माणसे हैराण झाली, त्याच शहरात आज तो आपण कुठे काय खाल्ले हे सकाळी नऊच्या आत नातेवाइकांच्या तीन गटांना फोटोसह कळवतो.

ठिकाण निवडण्याची त्याची कसोटी चव नसते. तो ती चवच समजतो, पण बारकाईने पाहिल्यास कसोटी गैरसोयीची आहे असे दिसते. दिवसभर उघडे असणारे, गाडी लावायला जागा असणारे आणि बसायला लगेच टेबल देणारे हॉटेल त्याने कधी कोणाला सुचवल्याचे उदाहरण सापडत नाही. पत्तासुद्धा तो सरळ सांगत नाही. पाडून टाकलेल्या टॉकीजवरून डावीकडे आणि बंद पडलेल्या गिरणीवरून उजवीकडे अशा खुणांनी तो माणसाला तिथवर नेतो, आणि ज्याने फोनवरचा नकाशा पाहून ठिकाण गाठले त्याने ते खऱ्या अर्थाने गाठलेच नाही असे मानतो.

वेळेचा धाकही याच कसोटीतला. चेंबूर कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेल्या गल्ल्यांत दाल पकवान मिळते. जिरे घालून लाटलेली मैद्याची कडक तळलेली पुरी आणि तिच्याबरोबर घट्ट चणाडाळ, वर चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा, असा हा न्याहारीचा पदार्थ. न्याहारीचा असल्यामुळे तो सकाळीच संपतो, आणि संपतो म्हणूनच ठिकाणवाल्याला प्रिय असतो. रविवारी पहाटे सहाला साऱ्या घराला उठवून, अंघोळ आल्यावर करा असे बजावून, तो सर्वांना गाडीत कोंबतो आणि वाटेत प्रत्येक सिग्नलला ‘संपलं असणार’ असे म्हणतो. रमजानच्या महिन्यात मिनारा मशिदीच्या परिसरात जायचे असेल तर दुपारी कोणी जेवायचे नाही अशी त्याची सक्त ताकीद असते, त्यामुळे त्याच्याबरोबर आलेल्या मंडळींनाही न मागता अर्धा रोजा घडतो. तिथले ज्ञान मात्र त्याचे पक्के असते, हे मान्य केले पाहिजे. बारा हंडी म्हणजे मांसाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या हंड्यांत रात्रभर मंद आचेवर शिजवून गिऱ्हाईकाच्या फर्माइशीप्रमाणे एकत्र वाढण्याची पद्धत. फिरनी साकोऱ्यात, म्हणजे मातीच्या पसरट वाटीत, लावतात ती माती पाणी ओढून घेते म्हणून. आणि इथल्या मालपुव्यात अंडे असते. यांतील शेवटची माहिती तो शाकाहारी पाहुण्यांना मालपुवा अर्धा संपल्यावर देतो.

बाजाराच्या बाबतीत त्याचे माहेर म्हणजे माटुंगा. 1896 च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, तिथे नोकऱ्यांसाठी आलेली दाक्षिणात्य कुटुंबे स्थिरावली आणि त्यांच्यामागोमाग त्यांची मंडईही आली: केळीची पाने, नेंद्रन केळी, कढीपत्त्याच्या जुड्या, मोगऱ्याचे गजरे आणि दळणाऱ्या यंत्रातून रस्त्यापर्यंत येणारा कॉफीचा वास. रामा नायक यांनी 1942 मध्ये सुरू केलेल्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवून झाले की ठिकाणवाला कॉफीच्या दुकानाकडे वळतो आणि तिथल्या माणसाला पीबेरी किती, चिकोरी किती असे विचारतो. पीबेरी म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल बी धरलेली कॉफी, आणि चिकोरी म्हणजे कॉफीला दाटपणा आणि काळा रंग देणारी भाजलेली मुळी. ऐंशीला वीस असे प्रमाण ठरवून तो पाव किलो पूड घेतो, पितळी फिल्टरही घेतो, आणि घरी आल्यावर नेहमीप्रमाणे आले घातलेला चहा मागतो. असे फिल्टर त्याच्या घरी माळ्यावर एकाहून अधिक असतात.

याच मंडईतून तो केळफूल आणतो, आणि एक आणत नाही, दोन आणतो, कारण एवढे ताजे आपल्याकडे मिळत नाही. केळफुलाची भाजी उत्तम होते याबद्दल दुमत नसावे. परंतु ती होण्यापूर्वी हाताला तेल चोळून एकेक तांबडे पान सोलावे लागते, त्याखालच्या फुलांच्या फणीतील प्रत्येक फुलातून न शिजणारी कडक काडी आणि पारदर्शक पापुद्रा वेचून काढावा लागतो, आणि उरलेले बारीक चिरून काळे पडू नये म्हणून रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवावे लागते. हे सर्व सांगता येण्याइतके ठिकाणवाल्याला माहीत असते. तो ते सोफ्यावरून सांगतो. स्वयंपाकघरात काळी पडलेली बोटे घेऊन बसलेली त्याची पत्नी त्यावर काही बोलत नाही, एवढ्यावरून तिला हे ज्ञान मान्य आहे असा निष्कर्ष तो काढतो.

ठिकाणवाल्याचे खरे रूप पाहायचे तर त्याला टेबलावर पाहावे. आत शिरताच तो गल्ल्यावरच्या मालकाला हात करतो. मालक मान डोलावतो, कारण तो येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून मान डोलावतो, पण ठिकाणवाला पाहुण्यांकडे वळून ‘ओळखतात आपल्याला’ असे हळूच सांगतो. ‘वहिनी, मेन्यूकार्ड ठेवा बाजूला, त्याची गरज नाही,’ हे त्याचे पुढचे वाक्य. समजा ठिकाण मिसळीचे आहे. मग पदार्थ येईपर्यंतच्या वेळात रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलाला तर्री म्हणतात, वरून वाटीत मिळणाऱ्या रश्श्याला पुण्यात सँपल म्हणतात, कोल्हापुरात आणि पुण्यातील जुन्या ठिकाणी मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात आणि पाव मागणारा माणूस मुंबईचा म्हणून तिथेच ओळखला जातो, हे सर्व सांगून होते. ठाण्यात मामलेदार कचेरीच्या शेजारामुळे नाव मिळालेल्या मिसळीकडे नेले असेल तर तो पाहुण्यांसाठी ‘तिखट’ सांगतो आणि स्वतःसाठी, वेटरच्या कानाजवळ जाऊन, ‘मध्यम’.

बशा आल्यावर तो आपल्या बशीला हात लावत नाही. पाहुण्याचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत तो, नाडीवर बोट ठेवलेल्या वैद्यासारखा, त्याच्या चेहऱ्यावर नजर लावून बसतो. या क्षणी पाहुण्याने काय बोलावे हे ठरलेले आहे. ‘छान आहे’ हे उत्तर अपुरे समजले जाते आणि लगेच ‘नुसतं छान?’ असा उलट प्रश्न येतो. ‘आमच्या तिकडे पण अशीच मिळते’ हे उत्तर दिल्यामुळे दोन घरांतील संबंध दुरावल्याची उदाहरणे आहेत. डोळे मिटावेत, मान दोनदा हलवावी आणि घास गिळण्यापूर्वीच ‘अरे, काय हे!’ असे उद्गारावे, म्हणजे ठिकाणवाल्याचे पोट भरते. त्यानंतर तो निम्मी मिसळ खातो, उरलेली ‘तुम्ही घ्या’ म्हणून सरकवतो आणि खिशातून पित्ताची गोळी काढतो. बाहेरचे त्याला सोसत नाही. घरी रात्री त्याच्यासाठी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी असते, आणि ती खाताना तो उद्या कोणाला कुठे न्यायचे याचा विचार करतो. भूक त्याला लागते ती साक्षीदाराची, आणि एकट्याने जाऊन खाल्लेली मिसळ त्याच्या जमाखर्चात धरली जात नाही.

ठिकाण लोकप्रिय झाले तर त्याला आनंद व्हावा, असे बाहेरच्यास वाटेल. 2015 साली लंडनमधील एका खाद्यपुरस्कारात दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला जगातील सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, तेव्हा दादरच्या ठिकाणवाल्यांनी पेढे वाटायला हवे होते. प्रत्यक्षात ‘हे आम्ही कधीपासून सांगतोय’ असे आठवडाभर म्हणून झाल्यावर त्यांच्यापैकी पुष्कळांचे तिथे जाणे कमी झाले. जे लंडनलाही कळले ते सांगून काय मिळवायचे, ही त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. अशा वेळी ‘पूर्वीचे राहिले नाही’ हे विधान उपयोगी पडते. जुना आचारी गावी गेला, हे त्याचे नेहमीचे कारण. आजवर निरनिराळ्या हॉटेलांतून गावी गेलेल्या जुन्या आचाऱ्यांची ठिकाणवाल्यांनी सांगितलेली संख्या खरी मानली तर कोकणात आणि उडुपीच्या आसपास शेती करणारा माणूस आता उरलेला नसावा.

या गृहस्थाची शक्ती आणि मर्यादा दोन्ही एकदम दिसतात त्या दोन ठिकाणवाले एकाच गाडीतून मुंबईहून पुण्याला निघाल्यावर. पुढच्या सीटवरचा पनवेल येण्याआधीच पळस्प्याच्या दत्त स्नॅक्सचे नाव काढतो. मागच्या सीटवरचा, ते पूर्वीचे राहिले नाही असे सांगून, द्रुतगती मार्ग सोडून जुन्या रस्त्याने खोपोलीला रमाकांतचा वडा खाण्याचा प्रस्ताव मांडतो. पहिला म्हणतो, मग गाडीने यायचेच कशाला, रेल्वेने आलो असतो तर कर्जतला दिवाडकरांचा वडा खिडकीतून घेता आला असता, आणि खिडकीतून घेतलेल्या वड्याची गोष्टच वेगळी. दुसरा त्यावर वड्यातील लसणाचे प्रमाण काढतो. लसणावरून गोष्ट दादर स्टेशनबाहेर 1966 साली वडा प्रथम पावात घालणारे म्हणून ज्यांचे नाव सांगितले जाते त्या अशोक वैद्यांपर्यंत जाते, तिथून कीर्ती कॉलेजच्या वड्याबरोबर मिळणाऱ्या चुऱ्यापर्यंत, आणि तोवर पळस्पे मागे पडलेले असते. खोपोलीचा फाटा येतो तेव्हा दोघेही बोलत असतात, आणि तोही जातो. शेवटी गाडी चालवणारा मुलगा, ज्याचे या सर्व वेळात कोणी मत विचारलेले नसते, फूड मॉलवर गाडी थांबवतो आणि पाच चीज सँडविच घेऊन येतो. दोन्ही ठिकाणवाले आपापले सँडविच उघडून आत पाहतात, पुन्हा मिटतात, आणि घाट चढेपर्यंत मुंबईत सँडविच नेमके कोणत्या गाडीवर खावे यावर बोलत, न बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याचेही संपवतात.