थोर बालपणाचे गिऱ्हाईक

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे 'चरित्रवाले' म्हणतात. पेशाने संगणकवाले, मुक्काम कोथरूड, दोन्ही मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवणारे. शाळा सुटल्यावर सकाळी साडेनऊला मुलांनी करायचं काय, हा प्रश्न त्यांना पडण्याआधीच मुलांनी सोडवला आणि टॅब चार्जिंगला लावला.

त्यावर उतारा म्हणून चरित्रं आली. अप्पा बळवंत चौकातून, रद्दीवाल्याकडून, नातेवाइकांच्या माळ्यांवरून. चरित्रवाल्यांचं म्हणणं असं, की मूल स्क्रीनपुढे बसतं ते समोर आदर्श नसतो म्हणून. थोर माणूस एकदा भेटला, की ते आपोआप वळणावर येतं. त्यासाठी त्यांनी वही आखलीय. रकाने तीन: थोर व्यक्ती, गुण, आपण काय घेणार. लाल पेन स्वतःच्या खिशात. जिन्यात कुणी "काय, बरंय ना?" एवढंच विचारलं तरी हे सांगणार, "सध्या आम्ही कर्व्यांवर आहोत."

सुरुवात विद्यासागरांपासून झाली. रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केल्याची गोष्ट ऐकून धाकटा त्याच रात्री पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसला. आमच्या जिन्यातले दिवे माणूस हलला तरच पेटतात. दर चार ओळींनी पोरगं अंधारात हात हलवायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दचकल्या आणि विद्यासागर आटोपले. मग टिळकांच्या शेंगांची टरफलं आली. तेव्हापासून 'कचरा कुणी केला ते आधी सिद्ध करा, मगच उचलीन' असं धाकट्याचं धोरण आहे.

थोरली जास्त धोकादायक, कारण ती पुस्तक पूर्ण वाचते. महर्षी कर्व्यांचं 'आत्मवृत्त' वडिलांनी जिद्दीसाठी दिलं होतं. सतरा वर्षांचा मुलगा परीक्षेसाठी मुरुडहून घाट चढून पायी साताऱ्याला जातो, शंभर मैलांच्या वर, आणि तिथे 'फार लहान दिसतोस' म्हणून त्याला परत पाठवतात. लेकीनं वहीत लिहिलं, 'आपण काय घेणार: परीक्षेच्या नादी लागू नये.' वडील लाल पेन उघडून बसले, पण लिहिणार काय? शाळा सोडवताना त्यांनी दिलेलं भाषण हेच होतं. आता मुक्त विद्यालयाची दहावी जवळ येतेय, हा भाग वेगळा.

गांधींच्या आत्मकथेनं तर घरात स्फोटच केला. भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरणं, विड्यांची थोटकं ओढणं, मग वडिलांना चिठ्ठी लिहून कबुली देणं, हे सगळं दोघांनी एका बैठकीत वाचलं. जेवायला हाका मारल्या तरी उठले नाहीत. टॅब कोपऱ्यात पडून बंद झाला तरी कुणाला पत्ता नाही. चरित्रवाले धन्य झाले होते. तेवढ्यात थोरली म्हणाली, "बाबा, दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी पण मुलांना शाळेत घातलं नव्हतं. ऑफिसला चालत जाता-येता शिकवायचे."

"बघ! मी काय सांगत होतो?"

"पण पुढे मुलांनी त्याबद्दल तक्रार केली, असं त्यांनीच लिहिलंय."

बाबांना तेव्हाच एक महत्त्वाचा फोन आला.

खरी कमाल कार्व्हरनं केली. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' 1981 सालचं. मराठी घरांत ते मुंजीपासून वाढदिवसापर्यंत कशालाही दिलं जातं, त्यामुळे यांच्याकडे तीन प्रती जमल्यात. टस्कीगीला प्रयोगशाळा नव्हती तेव्हा कार्व्हरनं उकिरड्यावरच्या बाटल्या-बरण्या गोळा करून ती उभारली, हे वाचून धाकट्यानं सोसायटीचा कोरडा कचरा उपसला. बाल्कनीत औषधाच्या बाटल्या मांडल्या, शेंगदाणे भिजवून मिक्सरमधून काढले, आईच्या जुन्या ओढणीतून गाळले आणि शेंगदाण्याचं दूध म्हणून मला वाटीभर आणून दिलं. चव विचारू नका. पण अर्धं का आलं, चोथ्याचं काय करावं, यावर तो जे बोलत होता ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातलं नव्हतं.

सोसायटीच्या सचिवांनी पत्र पाठवलं. आईनं ते फ्रिजवर चिकटवलं आणि चिरंजीवांना शांतपणे विचारलं, "कार्व्हर लोकांचे कपडे धुऊन शिकला. ते पान वाचलंस का रे?" तेव्हापासून ओढणीच नव्हे, स्वतःचे मोजेही तो धुतो. माझ्या मते त्या घरातली खरी शिक्षिका हीच. तिच्याकडे वही नाही.

हे सगळं चालू असताना चरित्रवाले होते कुठे? बाल्कनीच्या दारात. मुलाच्या प्रयोगाचा व्हिडिओ 'स्क्रीनमुक्त बालपण' या शीर्षकाखाली टाकून किती जणांनी पाहिला ते दर पाच मिनिटांनी बघत होते. रात्री झोपताना तर ते थोर पुरुषांची चरित्रं मोबाइलवर ऐकतात, दहा मिनिटांत सारांश. छापील पुस्तक वाचायला त्यांना वेळ कुठून मिळणार?

हल्ली मात्र ते जरा सावध झालेत. पुस्तक मुलांच्या हाती पडण्याआधी 'बालपण' हे प्रकरण चाळून बघतात आणि बहुतेक पुस्तकं परत माळ्यावर जातात. परवा मला गाठून दबक्या आवाजात त्यांनी एक चौकशी केली, ती जशीच्या तशी इथे देतो. लहानपणी सांगितलेलं निमूट ऐकणाऱ्या, वेळेवर झोपणाऱ्या आणि वडिलांना उलट प्रश्न न विचारणाऱ्या एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र कुणाकडे असल्यास कृपया द्यावं. कव्हर घालून परत मिळेल.