तांदळातला मोबाइल

(तालुक्याच्या गावातलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. काउंटरपलीकडे कारागीर, अलीकडे त्याचे निवृत्त गुरुजी.)

गुरुजी : अरे, चार्जच होत नाही बघ. पावसात भिजला, म्हणून दोन दिवस तांदळात ठेवला होता.

कारागीर : (चार्जिंगच्या भोकातून चिमट्याने कण काढत) बासमती?

गुरुजी : कोलम. बासमती पाहुण्यांसाठी.

कारागीर : तांदळाने आतलं पाणी निघत नाही, उलट कणी आत जाते. भिजला की बंद करायचा, सिम काढायचं, पुसून हवेशीर जागी ठेवायचा. वाळेपर्यंत चार्जर लावायचा नाही.

गुरुजी : वाळलाय का ते बघायला मी तासातासाला लावत होतो.

कारागीर : झाकणही वर आलंय.

गुरुजी : तांदूळ खाऊन फुगला असेल.

कारागीर : बॅटरी फुगलीय. रात्री कुठे ठेवता?

गुरुजी : चार्जिंगला लावून उशीखाली. पहाटे छान उबदार असतो!

कारागीर : तीच ऊब बॅटरीला मारते. त्यात कव्हरावर कव्हर! फुगलेली बॅटरी टोचली, दाबली तर पेट घेते. आजच बदलू. नवी वीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवा, जास्त टिकेल.

गुरुजी : ऐंशीवर थांबायचं? जन्मभर पोरांना शंभराच्या मागे पळवलं रे मी!

कारागीर : मला पस्तीसच पडायचे, गुरुजी. टिकलोय अजून. (कव्हर काढत) हे आकडे कसले?

गुरुजी : यूपीआयचा पिन. विसरतो ना!

कारागीर : म्हणजे काचेला गार्ड, आणि खात्याची किल्ली दारावर टांगलेली!

गुरुजी : गेल्या आठवड्यात एकाचा फोन आला. म्हणाला, पेन्शनचा फरक जमा करतोय, पिन टाका.

कारागीर : टाकलात?

गुरुजी : चष्मा सापडेना. आधी त्याने कपाटात बघायला सांगितलं, मग देवघरात. शेवटी तोच कंटाळला.

कारागीर : चष्म्याला हार घाला! पैसे यायला पिन लागत नाही, जायला लागतो. पिन, ओटीपी, पासवर्ड कुणालाही सांगायचे नाहीत. फसलातच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

गुरुजी : १९३०... मिठाचा सत्याग्रह!

कारागीर : झालं पाठ. आता फोन चालू झाला की स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. दिसेल तो पंधरा आकडी नंबर लिहून ठेवा. फोन चोरीला गेला, तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्याच नंबराने ब्लॉक करता येतो.

गुरुजी : कव्हरवरच लिहितो.

कारागीर : फोन गेल्यावर कव्हर मागे राहील का, गुरुजी?

(बॅटरी बदलून होते.)

कारागीर : चालू झाला. स्पीकर तपासतो, पासवर्ड सांगा.

गुरुजी : वा! गुरूचीच परीक्षा घेतोस? नाही सांगणार.

कारागीर : शाबास! मग तुम्हीच उघडा.

गुरुजी : मला कुठे येतोय? त्या फोननंतर नातवाने लॉक घातलंय. विचारलं की म्हणतो, ‘आजोबा, पासवर्ड कुणालाही सांगायचा नसतो.’