टिकाऊ आणि नाशवंत

आमच्या घरखर्चाचं प्रमाण 58 ला 42 असं आहे. निम्मं-निम्मं करणारी जोडपी मला जरा अडाणीच वाटतात. ज्याचा पगार जास्त त्यानं जास्त भरावं, हे सूत्र मी एक्सेलमध्ये बसवलं, रकान्यांना रंग दिले आणि ऑफिसातल्या लग्न ठरलेल्या प्रत्येक पोराला दाखवलं. पार्क चौकात चहा पिताना एका मित्रालाही दाखवलं. तो म्हणाला, "काय बे, घरात पण जीएसटी लावलास का?" थोरांची हयातीत अशीच चेष्टा होते.

आता प्रत्येक जुडीमागं कोण हिशेब करत बसणार? म्हणून ठोक वाटणी केली. फ्लॅटचा हप्ता, फ्रीज, कूलर, सोफा, गाडी माझ्याकडे. दूध, भाजी, किराणा, गॅस आणि भांडीवाल्या मावशींचा पगार बायकोकडे. ती शाळेत गणित शिकवते. तिनं कागद तपासला आणि म्हणाली, "बेरीज बरोबर आहे." हे वाक्य मी कित्येक वर्षं प्रशस्तिपत्रकासारखं मिरवलं.

वाद निघाला तो कडक भाकरीवरून. आणि कडक भाकरीचा विषय निघाल्यावर सोलापूरच्या माणसानं तसंच पुढं जाणं शोभत नाही. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी हवी. तिला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सोलापुरी चादरीला त्याच्या कितीतरी आधी मिळालं होतं, पण चादर खाता येत नाही. भाकरी पापडासारखी पातळ थापायची आणि पाण्याचा अंश उरणार नाही अशी भाजायची. मग ती कडाडकन मोडते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. सोबत शेंगाचटणी. तीही उखळात कुटलेली, दाण्याला तेल सुटेपर्यंत. मिक्सरमधून काढतात तो शेंगदाण्याचा भुगा. त्याला चटणी म्हणणाऱ्यांशी मी सोयरीक करणार नाही. वर दही. पुण्याच्या पाहुण्यांना पहिली भाकरी मोडताना दचकायला होतं आणि तिसरीनंतर ते फ्लॅटचे भाव विचारू लागतात. हे सगळं मी भाकरी खाता खाता बायकोला सांगत होतो. ती म्हणाली, "इतकी टिकते ना? मग हिचा खर्च तुमच्या खात्यात टाका."

"का?"

"जे टिकतं ते तुमचं, जे संपतं ते माझं. अशीच वाटणी आहे ना आपली?"

मी हसलो. ती हसली नाही. "इतकी वर्षं मी पैसे भरतेय," ती म्हणाली, "त्यातलं एक तरी काही या घरात दाखवा."

मी खरंच शोधलं. सोफा माझा, कूलर माझा, ज्या कपाटात शोधत होतो तेही माझंच. घर तर माझंच. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट, ही सोय महाराष्ट्रात 2021 पासून आहे. आमची खरेदी त्यानंतरची, तरी मी ती सोडली. शेजाऱ्यांना तो बाणेदारपणा वाटला. खरं कारण असं की दारावरची पाटी मी आधीच करून आणली होती.

शेवटी सुचलं. म्हणालो, "पोरगी आहे की!"

"ती कशी? 58 ला 42?"

मग तिनं आवाज न चढवता बरंच सांगितलं. तिच्या वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांच्या आया विड्या वळतात. शहराच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत गिरण्या बंद पडल्या, काम सुटलं, बापे कट्ट्यावर बसले आणि चूल सुपातल्या तेंदूपानांवर चालली. अशाच बायकांच्या सहकारी संस्थेनं कुंभारीला दहा हजार घरं उभी केली. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते. "त्या बायकांनी दूधही आणलं आणि घरंही घेतली," ती म्हणाली. "आणि आपल्याकडे मावशींचा पगार माझ्याकडेच का, हे कुणी ठरवलं? भांडी माझी, म्हणून घासणारीही माझी?"

हे खरंच कुणी ठरवलं नव्हतं. एक्सेलमध्ये ते आपोआप खाली सरकलं होतं आणि खालचा रकाना तिचा होता.

एप्रिलपासून खाती बदलली. हप्ता तिच्याकडे, भाजी माझ्याकडे. मी आता मंगळवार बाजारात मेथीची जुडी फिरवून फिरवून बघतो आणि घरी पानात टाकलेल्या भाजीकडे जप्तीची नोटीस आल्यासारखा बघतो. मावशी उचल माझ्याकडे मागतात. बायको मात्र फ्लॅटच्या भिंतींवरून सावकाश नजर फिरवते. ही नजर माझ्या ओळखीची आहे.

माझं सूत्र तरीही बिनचूक आहे, हे नोंदवून ठेवतो. अडचण फक्त पाण्याची. सोलापुरात नळ चार-पाच दिवसांआड येतो आणि कधी येईल ते नळालाच ठाऊक. टाकी टिकाऊ, पाणी नाशवंत, इथपर्यंत वाटणी जमली. रात्री दोनला उठून मोटर लावायची, पिंप भरायची आणि सहाला पुन्हा डबा करायचा, याला रकाना कुठला? नवा काढायला हरकत नाही. पण त्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव येईल आणि ते माझं नसेल, एवढं गणित मलाही येतं. त्यामुळे सध्या ती फाइल मी उघडत नाही. ऑफिसात विचारलं तर लॅपटॉप बिघडलाय म्हणून सांगतो.