समुद्रवाले सर

गावात जे नाही त्याचाच दांडगा अभ्यास असलेला एक निवृत्त मास्तर प्रत्येक गावात असतोच. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, सळईचे कारखाने आहेत, मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. आमच्या सरांना यातलं काही नको. त्यांचा विषय समुद्री शेवाळाचा वास. मुंबईचा समुद्र इथून रस्त्याने चारशे किलोमीटर. त्यामुळे एखादा कोळी गल्लीत येऊन त्यांना खोडून काढील ही भीती नाही.

जाड भिंगांचा चष्मा, खिशाला दोन पेनं आणि समोरचा निसटू नये म्हणून त्याच्या स्कूटरच्या हँडलवर घट्ट ठेवलेला हात. "खारा वारा म्हणता ना, तो मिठाचा वास नव्हेच. मिठाला कसला वास? ते डायमिथाइल सल्फाइड!" कोबी शिजताना हाच वायू सुटतो. त्यामुळे घरात कोबी चुलीवर चढला की सर बाहेरच्या खोलीतून ओरडतात, "आला, समुद्र आला!" आतून काकू म्हणतात, "समुद्र नाही, कोबी आहे. ताटं घ्या."

मोसंबीवाले तर त्यांना पाहून रस्ता बदलतात. शेवाळामुळे सुटणाऱ्या या वायूपासून हवेत सल्फेटचे बारीक कण होतात आणि त्यांवर ढगातले थेंब धरतात, इथवर ठीक. 1987 साली चार्लसन, लव्हलॉक वगैरे चौघांनी त्यावरून, शेवाळंच पृथ्वीचं तापमान सांभाळत असावीत, असा तर्क मांडला. पुढे त्यावर सज्जड आक्षेप निघाले. तो भाग सर गाळतात आणि थेट शेतात उतरतात : "तुमच्या मृग बहाराचं श्रेय शेवाळाला द्या!" बागाईतदार म्हणतो, "देतो सर, आधी पाऊस तर पडू द्या."

पण सर खरे रंगतात ते दिवस-रात्रीच्या हिशेबात. सूर्य वर आला की समुद्रातली सूक्ष्म शेवाळं आयसोप्रीन नावाचं आणखी एक उडून जाणारं रसायन सोडू लागतात, ऊन चढेल तसं ते वाढतं, अंधार पडला की जवळजवळ बंद. ब्रोमोफॉर्म या तिसऱ्या रसायनाचंही बऱ्याच शेवाळांत तसंच. उजेडात प्रकाशसंश्लेषण जोरात चालतं, पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, त्याची विल्हेवाट लावण्याच्या खटपटीत ब्रोमोफॉर्म निघतं. हे सगळं खरं आहे, हीच तर पंचाईत. थापा मारणाऱ्याला निदान गप्प करता येतं.

उन्हाळ्यात रात्री लाइट गेली की अख्खी गल्ली ओट्यावर येऊन बसते. सरांना आयते श्रोते. "आत्ता या घडीला अरबी समुद्रात आयसोप्रीन बंद आहे, बरं का," असं म्हणून ते जे सुरू होतात, ते लाइट येईपर्यंत. त्यापेक्षा शेवाळ परवडलं. ते अंधारात गप्प तरी बसतं.