दोनशे खुणा आणि एक नदी

जुनी गाडी घेण्याआधी तपासनीस बोलावणे आता शहाणपणाचे लक्षण मानले जाते. तो येतो, तासाभरात दोनशे मुद्द्यांवर बरोबरच्या खुणा करतो. वायपर हलतो, हॉर्न वाजतो, आरसे दुमडतात. गिअरबॉक्स खोलल्याशिवाय कळत नाही आणि विक्रेता खोलू देत नाही, म्हणून तोही ‘समाधानकारक’. स्कॅनरला एकही बिघाड सापडत नाही. सकाळीच दुसऱ्या स्कॅनरने पुसलेला सापडणार कसा?

आता उल्हास नदीचे. २०१९ च्या जुलैत ती अशी चढली की २७ तारखेला बदलापूर-वांगणीदरम्यान अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले. सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्यांसाठी मात्र बोट आली नाही. त्यांतल्या किती धुऊन, वाळवून, अत्तर मारून पुन्हा बाजारात आल्या, हे आरसी बुकाला विचारू नका. त्यात चेसिस नंबर असतो, कर्जाचा बोजा असतो. जलसमाधीचा रकाना नसतो. वायरिंगच्या जोडांवर हिरवा गंज चढायला काही महिने लागतात, आणि अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते : ‘तपासणीच्या वेळच्या स्थितीपुरते’. तपासनीस खोटे बोलत नाही, तो फक्त वेळेत निघून जातो.

तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ पाहा, स्टेपनीखाली हात घाला आणि गाडी त्या वेळची असेल तर विक्रेत्याला एवढेच विचारा : २७ जुलैला ही कुठे उभी होती?